म्हातारपण अंगात आणताना: रोहिणी हट्टंगडी यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

‘सारांश’ (१९८४) मधलं शिवाजी पार्कचं प्रधान दाम्पत्य साठीच्या पुढचं. मास्तर झालेले अनुपम खेर तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते, हे आजही कौतुकानं सांगितलं जातं. पार्वतीबाई झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांच्या वयाकडे मात्र फारसं कुणी बोट दाखवत नाही. त्यांचं म्हातारं होणं एव्हाना लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. दोनच वर्षांपूर्वी ‘गांधी’ चित्रपटात त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबा होऊन गेल्या होत्या.

त्या मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या ओक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्या १९७१ ते १९७४ होत्या. तेव्हा तिथे इब्राहिम अल्काझी संचालक होते आणि त्यांची शिस्त प्रसिद्धच होती. विद्यार्थिदशेतच हट्टंगडींनी काबुकी या जपानी नाट्यशैलीतलं ‘इबारागी’ केलं आणि कन्नड लेखक शिवराम कारंतांच्या मार्गदर्शनाखाली यक्षगान हे कर्नाटकातलं नृत्यनाट्यही केलं. हे दोन्ही प्रकार परंपरेनं पुरुषांचे. त्यांत पात्राचं वय सुरकुत्यांवरून कळत नाही. पाऊल किती उचललं, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, कंबर किती खाली गेली, यावरून ते कळतं. त्यांच्या पुढच्या सगळ्या आया-आज्यांचं मूळ मला मेकअपच्या खोलीत नाही, या पायांत दिसतं.

वर्गमित्र आणि पुढे पती झालेले दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी यांच्याबरोबर त्या मुंबईत आल्या. ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था आणि दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांचा तो काळ. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘येर्मा’वरून आलेलं ‘चांगुणा’ त्यातलंच. छबिलदासचं सभागृह लहान, प्रेक्षक जवळजवळ अंगावर. तिथे आवाज फेकावा लागत नाही, पण डोळा खोटं बोलला तर तिसऱ्या रांगेला लगेच कळतं. कॅमेऱ्याची सवय त्यांना अशी कॅमेऱ्याशिवायच लागली. सईद मिर्झांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) मधून त्या पडद्यावर आल्या.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’चं चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ असं चाललं. कस्तुरबांच्या भूमिकेचा आवाका दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बायकोपासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांचा. अशा कामात खरी अडचण येते ती चित्रीकरणाच्या उलटसुलट क्रमामुळे. प्रसंग पटकथेच्या क्रमानं होत नाहीत. जागा आणि तारखा मिळतील तसे होतात. आज सत्तरी, उद्या तिशी. त्यामुळे प्रत्येक टप्प्याची चाल, बसण्या-उठण्याचा वेग आणि आवाजाची पट्टी नटाला आधीच पक्की करून ठेवावी लागते. नाहीतर संकलनात एकाच म्हातारपणाचे तीन नमुने शेजारी शेजारी येतात.

सुरकुत्यांची पद्धत तशी जुनी आहे. त्वचा बोटांनी ताणून धरायची, पातळ लॅटेक्स (द्रवरूप रबर) स्पंजनं टिपत लावायचं, वाळू द्यायचं, पावडर मारायची आणि मग ताण सोडायचा. वाळलेला थर आक्रसतो आणि सुरकुत्या पडतात. पण थर जाड झाला तर चेहरा मुखवट्यासारखा ताठ होतो, आणि बोलताना ओठांच्या कडेला सगळ्यात आधी सुटतो. म्हणून लॅटेक्स चढवलेल्या नटाला चेहऱ्याचं काम कमी करून मान, खांदे आणि बोटांवर न्यावं लागतं. कस्तुरबांचं पाहा. आश्रमात संडास साफ करण्यावरून होणाऱ्या भांडणात मान ताठ आहे, हात मोकळे आहेत. परदेशी पत्रकाराला लग्नाचे विधी करून दाखवण्याच्या प्रसंगात तीच बाई लाजते, पण हालचाल आखडलेली. शेवटी तर जवळजवळ नुसता श्वास उरतो. नवखा नट इथे हमखास हात थरथरवतो आणि आवाज कापरा करतो. खरी म्हातारी माणसं थरथर लपवायला बघतात, हे त्याच्या लक्षात येत नाही.

या कामासाठी १९८३ साली त्यांना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. त्यानंतर ‘अर्थ’मधल्या मोलकरणीसाठी फिल्मफेअर आणि गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’तल्या दारूत बुडालेल्या नटीसाठी राष्ट्रीय पुरस्कार. सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याच वर्षी, म्हणजे १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि पहिल्या मानकरी त्याच. ‘पार्टी’चं मूळ महेश एलकुंचवारांचं नाटक. कस्तुरबा, मोलकरीण, नटी आणि पार्वतीबाई अशी चार कामं दोन-अडीच वर्षांत. ती ओळीनं बघितली तर एकीची सवय दुसरीत सापडत नाही.

हिंदी व्यावसायिक सिनेमानं यातून एवढाच अर्थ काढला की आई मिळाली. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये तर वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई. ‘चालबाज’ (१९८९) मधली दुष्ट अंबा हा सुखद अपवाद. तिथला थिल्लरपणा त्यांनी मनापासून केलाय. तेलुगूत ‘सीतारामय्यागारी मनवरालु’मध्ये त्या अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या पत्नी झाल्या. ‘मुन्नाभाई’ची आई सगळ्यांना ठाऊकच आहे.

आईला गोष्टीच्या मध्यभागी बसवलं ते टीव्हीनं. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. रोजच्या मालिकेचं गणित सिनेमाच्या उलटं असतं. अर्ध्या तासाच्या भागाला बावीस मिनिटांच्या आसपास फुटेज लागतं, बारा तासांच्या शिफ्टमध्ये तेवढं निघालं नाही तर बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा संपतो, आणि संवादांची पानं कित्येकदा सेटवरच हातात पडतात. एकाच खोलीतले चार भागांचे प्रसंग एका दिवसात उरकतात. मधे साडी बदलते, दागिना राहून जातो, आणि रागाची पट्टीही घसरते. शिवाय प्रत्येक वाक्यावर प्रतिक्रियेचा क्लोजअप घ्यायचा. तिथे नट भुवया उडवून वेळ मारून नेतो आणि वर्षभरात तेच त्याचं व्यक्तिमत्त्व होऊन बसतं. या मालिकेतल्या आशा देशमुखच्या भूमिकेत हट्टंगडी क्लोजअपला बहुतेक वेळा चेहरा स्वस्थ ठेवतात आणि फक्त नजर हलवतात. बारा वर्षं पुरवून वापरायचं तर हत्यार असं लहानच हवं.

सलग प्रयोगाची भूक त्यांनी ‘अपराजिता’ या एकपात्री नाटकावर भागवली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’त त्या आई-आजी, भागीरथी गोखले झाल्या. सहा सासवांच्या त्या घरात सगळ्यांत वडीलधारी, आणि आता भूमिकेच्या वयाच्या बऱ्याच जवळ पोचलेल्या.