संमिश्र संख्यांचा भागाकार

छेदात काल्पनिक संख्या असलेला अपूर्णांक ‘अ + ब·आय’ या प्रमाणित रूपात आणण्याची बीजगणितातील रीत. येथे अ आणि ब वास्तव संख्या; ‘आय’ म्हणजे काल्पनिक एकक. अशा रूपातील संख्या म्हणजे संमिश्र संख्या. ‘आय’चा वर्ग −१. अंश आणि छेद या दोहोंना छेदाच्या अनुबद्ध संख्येने, म्हणजे काल्पनिक भागाचे चिन्ह तेवढे बदललेल्या संख्येने, गुणायचे.

उदा., (३ + २आय) ÷ (४ − ३आय). छेदाची अनुबद्ध संख्या ४ + ३आय. छेद होतो ४² + ३² = २५. अंश होतो १२ + ९आय + ८आय + ६आय². आय² च्या जागी −१ घातल्यावर ६ + १७आय. उत्तर: ६/२५ + (१७/२५)आय. पडताळाही लगेच घेता येतो, कारण गुणाकारातील दोन भागांच्या वर्गांची बेरीज ही गुणलेल्या संख्यांच्या तशाच बेरजांच्या गुणाकाराइतकी असते: ६² + १७² = ३२५ आणि (३² + २²)(४² + ३²) = १३ × २५ = ३२५. ही नित्यसमानता याहून व्यापक रूपात ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त (इ. स. ६२८) आहे.

नववीत करणींच्या छेदाचे परिमेयीकरण शिकलेल्यांना ही कृती ओळखीची वाटेल. मात्र तिथे छेदात वर्गांची वजाबाकी उरते, इथे बेरीज. अ² + ब² ही बेरीज शून्य होण्यासाठी अ आणि ब दोन्ही शून्य असावे लागतात. म्हणूनच शून्य वगळता कोणत्याही संमिश्र संख्येने भागता येते. या रीतीचे खरे मोल मला यातच दिसते. उत्तर नीटनेटके होते, हा त्यामानाने किरकोळ लाभ.

छेदात नुसता आय असेल तर आयनेच गुणले तरी पुरते: १/आय = आय/(−१) = −आय. पुष्कळ विद्यार्थी इथे चकतात. १/√−१ = √(१/−१) = √−१ = आय असे ते लिहितात आणि चिन्ह उलटे येते. वर्गमुळे एका चिन्हाखाली घेण्याचा हा नियम धन संख्यांपुरता आहे; ऋण संख्येचे वर्गमूळ आधी आयच्या रूपात मांडावे, मगच पुढे जावे.

इटालियन गणितज्ञ बोंबेल्लीने १५७२ मध्ये अशा संख्यांच्या गुणाकाराचे नियम मांडले. १८९३ मध्ये विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती (एसी) विद्युत मंडलांची गणिते संमिश्र संख्यांनी सोडवण्याची पद्धत मांडली. अभियंते आयऐवजी ‘जे’ वापरतात, कारण ‘आय’ हे अक्षर विद्युतप्रवाहासाठी आधीच घेतलेले असते. २३० व्होल्टला ३ + ४जे ओहम इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) जोडला, तर प्रवाह २३०(३ − ४जे)/२५ = २७.६ − ३६.८जे, म्हणजे √(२७.६² + ३६.८²) = ४६ अँपिअर येतो आणि तो व्होल्टेजच्या सुमारे ५३ अंश मागे असतो.