जोडापाशी चिरणारा पाइप : एका गणिताची पार्श्वभूमी

ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये एक कोडं पावसाळ्यागणिक पुन्हा उभं राहायचं. साठवून ठेवलेली धडधाकट पितळी काडतुसं पावसाळा सरता सरता आपोआप चिरलेली सापडायची. या दोषाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे पुणेकरांना तरी ही गोष्ट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. तबेल्यांतल्या लीद-मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करायचा. काडतूस ओढून घडवताना धातूत उरलेला ताण त्याला साथ द्यायचा. १९२१ पर्यंत ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी याची नीट उकल केली. उपायही साधा निघाला: काडतूस हलकेच तापवून आतला ताण सोडवायचा.

अणुवीज केंद्रांतले पाइप वेल्डच्या जोडापाशी चिरतात, ते दुखणं याच कुळातलं आहे; त्या भेगा किती वेगाने वाढतील याच्या गणिताची ही गोष्ट. एखाद्या वातावरणाला बळी पडणारा धातू, ओढणारा ताण आणि नेमकं तेच वातावरण, ही तिन्ही जमली की तडा जातो.

उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे पाइप असायचे. १९६९ पासूनच्या आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या याच प्रकारच्या. भोसरीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये एसएस पाइपला वेल्ड मारला की जोडाच्या कडेला निळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते रंग वरवरचे. खरा बदल आत होतो. साधारण ५०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात धातूतला कार्बन क्रोमियमला (गंजापासून वाचवणाऱ्या घटकाला) धरून धातूच्या स्फटिक कणांच्या सीमांवर जमतो आणि सीमेलगतचा धातू क्रोमियमविना उघडा पडतो. त्यात किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटून तयार झालेला ऑक्सिजन त्या २८८ अंशांच्या पाण्यात असतोच. तिसरी गोष्ट वेल्ड स्वतःच आणतो. वितळलेला धातू थंड होताना आकसू पाहतो, शेजारचा पाइप त्याला आकसू देत नाही, आणि ती ओढाताण जोडात कायमची उरते.

१९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत असे तडे तुरळक दिसले. १९७४-७५ मध्ये ते एकामागून एक केंद्रांत सापडू लागले आणि तिथल्या अणुनियामक आयोगाने खास अभ्यासगट नेमला. पुढे कमी कार्बनचं स्टील आलं, पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करणं आलं, जोडावर बाहेरून वेल्डचा जाड थर चढवणंही आलं. पण बसवलेले हजारो जोड एका दिवसात बदलता येत नाहीत. सापडलेली भेग पुढच्या तपासणीपर्यंत किती वाढेल, हे सांगणं भाग होतं. गणित सुरू झालं ते या गरजेतून.

त्याचा पाया आधीच तयार होता. १९५७ मध्ये जॉर्ज अर्विन यांनी भेगेच्या टोकाशी ताण किती एकवटतो याचं एक माप दिलं होतं, त्याला ‘के’ म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये फोर्ड आणि अँड्रेसन यांनी कारणापासून सुरुवात केली: टोकावरचा ऑक्साइडचा पापुद्रा ताणाने फाटतो, उघडा धातू विरघळतो, पापुद्रा पुन्हा धरतो, पुन्हा फाटतो. अमेरिकेच्या नियामकांनी मात्र प्रयोगांच्या आकड्यांतून थेट सूत्र बसवलं. १९८८ च्या त्यांच्या मार्गदर्शनात भेगेचा वेग ‘के’च्या २.१६१ व्या घाताने वाढतो. म्हणजे ‘के’ दुप्पट झाला की वेग साधारण साडेचारपट.

दाबाच्या पाण्याच्या, म्हणजे दाबामुळे पाणी उकळू न देणाऱ्या, भट्ट्यांची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. त्यांत वापरली जाणारी अलॉय ६०० ही निकेलची मिश्रधातू शुद्ध गरम पाण्यातही चिरते, असं फ्रान्सच्या आंरी कोरिऊ यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही आणि ती धातू वापरात राहिली. २००० मध्ये अमेरिकेच्या व्ही. सी. समर केंद्रात मुख्य पाइपच्या जोडातूनच गळती निघाली. २००४ मध्ये याच कुळातल्या, वेल्डच्या जोडात भरल्या जाणाऱ्या धातूंसाठी वेगळं सूत्र आलं, त्यात ‘के’चा घात १.६ आहे आणि तापमानाचा परिणाम जबरदस्त. त्या सूत्रात २९० ऐवजी ३२५ अंश घातले तर वेग सुमारे पाचपट होतो.

तरीही माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात अवघड काम वेगाचं सूत्र हे नव्हतंच. सूत्रात ‘के’ घालायचा तर जोडाच्या पोटातला ताण माहीत हवा, आणि तो जाडीभर एकसारखा नसतो. जाड पाइपमध्ये आतल्या बाजूला ओढ, मध्यावर दाब, बाहेर पुन्हा ओढ असं होऊ शकतं. मग भेग मध्यावर रेंगाळते आणि परिघाने पसरत राहते. २००६ मध्ये अमेरिकेच्या वुल्फ क्रीक केंद्रात परिघाने गेलेल्या भेगांच्या खुणा मिळाल्या तेव्हा भेग अर्धलंबवर्तुळाकारच राहते हे जुनं गृहीतक अपुरं ठरलं. भेगेला तिचा आकार तिलाच ठरवू देणारी मॉडेलं पुढच्याच वर्षी वापरली गेली. हिंजवडीत वेल्डचं सिम्युलेशन करणाऱ्या मुलामुलींना हा मुद्दा लगेच कळेल: मेश (गणितासाठी पाइपचे केलेले तुकडे) कितीही बारीक करा, वेल्डचे पास म्हणजे थर कोणत्या क्रमाने मारले हे चुकलं तर ताण चुकतो, आणि ताण चुकला की भेग वाढायला लागणारी वर्षं चुकतात.

फ्रान्सच्या पेन्ली अणुवीज केंद्राने हेच दाखवलं. तिथल्या केंद्रांत २०२१ च्या अखेरीपासून सुरक्षा यंत्रणेच्या पाइपांत तडे सापडत होते. पेन्लीच्या पहिल्या भट्टीतली अशी एक पाइपलाइन मात्र तिच्या मांडणीमुळे धोक्याबाहेरची मानली होती. मार्च २०२३ मध्ये तिथे १५५ मिमी लांबीची भेग जाहीर झाली. पाइपची जाडी २७ मिमी आणि भेगेची खोली २३ मिमी. उभारणीच्या वेळी त्या जोडाची दोनदा दुरुस्ती झाली होती, आणि त्या दुरुस्त्यांनी आतला ताण बदलला असावा असं नियामकांनी म्हटलं. त्यानंतर उभारणीच्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या गेल्या आणि दुरुस्त केलेले जोड तपासणीच्या यादीत वर आले.