रोल दोनशेचा की चारशेचा?

कॅमेऱ्याचे रोल विकणाऱ्या आणि धुणाऱ्या आमच्या दुकानात काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "साधा कलर रोल द्या, घरचेच फोटो काढायचेत." त्यावर आम्ही विचारतो, घरचे म्हणजे घरातले की बाहेरचे? काहींना या चौकशा नकोशा वाटतात. पण तुमच्या छत्तीस फोटोंचं काय होणार ते या उत्तरावर ठरतं.

घरात, मांडवात, हॉटेलात किंवा संध्याकाळी फोटो काढायचे असतील तर आयएसओ ४०० चा रोल घ्या. आयएसओ म्हणजे फिल्मचा स्पीड: आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो. सिंहगडावर सकाळी जाणार असाल, कोकणात समुद्रावर जाणार असाल, तर २०० चा भरपूर झाला. थोडं हे थोडं ते असं असेल, तरीही ४००च घ्या.

"बाबांच्या वेळी तर शंभरच्या रोलवर सगळं निघायचं," असंही बरेच जण म्हणतात. निघायचं, पण तेव्हा घरात फ्लॅश चार्ज झाल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे. आता बहुतेकांना फ्लॅश नको असतो. तोही फोटो छान येतो, फक्त त्याला लागणारा उजेड कुठून तरी यायला हवा.

फरक किती ते बघा. भर उन्हात दोनशेच्या रोलला एफ १६ वर (लेन्सचं तोंड बारीक ठेवून) सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. तोच रोल रात्री दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली वापरला तर एफ २.८ वर, म्हणजे तोंड मोठं उघडूनही, साधारण एक अष्टमांश सेकंद लागतो. ऊन आणि दिवाणखाना यांत सुमारे हजारपट फरक आहे. डोळा लगेच सरावतो, म्हणून आपल्याला खोली उजेडाची वाटते. फिल्म तशी सरावत नाही. एक अष्टमांश सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही आणि पोरं तर नाहीच नाही. मग शटरचा वेग वाढवला जातो आणि रोल अंडर येतो, म्हणजे त्याला उजेड कमी पडतो.

मध्यंतरी एका कुटुंबाने आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा रोल आणून दिला. दोनशेचा रोल, सोहळा फ्लॅटमध्ये, फ्लॅश बंद. धुऊन लाइट बॉक्सवर ठेवला तेव्हा बाल्कनीतले चार फोटो नीट होते. बाकी पट्टी जवळजवळ कोरी, नुसती केशरी. औक्षणाच्या फ्रेममध्ये निरांजनाच्या ज्योती तेवढ्या काळ्या ठिपक्यांसारख्या उमटल्या होत्या (निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो). आजींचा चेहरा नव्हता. स्कॅनरवर दीड तास बसून आम्ही जे काढलं ते धुरकट आणि दाणेदार होतं. तो दिवस पुन्हा येणार नाही, म्हणून हे पत्रक लिहायला घेतलं.

अशा वेळी "रोल नीट धुतला नाही का?" ही शंका येणं स्वाभाविक आहे. ती तुम्ही स्वतः तपासू शकता. निगेटिव्हच्या कडेला, भोकांजवळ, फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात आणि तुमच्या फोटोंबरोबरच डेव्हलप होतात. ते ठळक आणि काळे असतील तर रोल व्यवस्थित धुतला आहे. शेजारची फ्रेम फिकट असेल तर उजेड कमी पडला. सी-४१ मध्ये, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला, सव्वातीन मिनिटं, ही वेळ सगळ्या कलर निगेटिव्ह रोलना सारखीच. आम्ही मशीन सुरू करण्याआधी कंट्रोल स्ट्रिप (चाचणीची पट्टी) टाकतो आणि मगच ग्राहकांचे रोल घेतो. अंडर आलेल्या रोलचेही धुण्याचे पैसे आम्ही घेतो, कारण केमिकल आणि वेळ तितकाच जातो. उलट स्कॅनिंगला तिप्पट वेळ लागतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

डिजिटलची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट: रोलच्या मध्येच आयएसओची डायल १६०० वर नेऊ नका. त्याने फिल्मचा स्पीड वाढत नाही. फक्त कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि तेवढे फोटो दोन-तीन स्टॉप अंडर जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). संपूर्ण रोल एक स्टॉप वर काढला असेल तर धुताना पुश करता येतो (जास्त वेळ धुऊन भरपाई करता येते), पण ते रोल देतानाच सांगा. न सांगता आम्ही पुश करत नाही.

चारशेचा रोल उन्हात जळेल ही भीती सोडून द्या. कलर निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्त उजेड सहज पोटात घेते. कमी मात्र एका स्टॉपच्या पुढे सोसवत नाही. म्हणूनच मीटरवर भरवसा नसेल तर ४०० च्या रोलला कॅमेऱ्यात २०० लावा. डीएक्स कोड (रोलच्या डबीवरची आयएसओची खूण) वाचणाऱ्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यात काहीच करावं लागत नाही.

कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. कोडॅक गोल्ड २०० आणि कलरप्लस २०० दिवसाच्या फोटोंना उत्तम, रंग थोडे उबदार. घरासाठी अल्ट्रामॅक्स ४००. लग्नाला, विशेषतः हळदीला, पोर्ट्रा ४०० महाग असूनही आम्ही सुचवतो, कारण त्वचेचे रंग तो मऊ धरतो आणि चेहरा व हळद वेगवेगळी दिसतात. एक्टार १०० डोंगर आणि निसर्गासाठी घ्या, चेहरे त्यात लालसर होतात. पिवळ्या बल्बखाली यातला कुठलाही रोल पिवळाच येणार, कारण सगळे दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेले असतात. स्कॅन करताना तो पिवळेपणा बराच काढता येतो, पण निगेटिव्हला पुरेसा उजेड मिळालेला असला तरच.

सिनेमाच्या फिल्मचे सुटे भरलेले स्वस्त रोल घेणार असाल तर आधी आम्हाला दाखवा. बऱ्याच फिल्मच्या पाठीवर काळा थर असतो. तो आमच्या मशीनमध्ये सुटतो आणि दुसऱ्या ग्राहकांच्या निगेटिव्हवर चिकटतो. असे रोल आम्ही घेत नाही.

आमच्याकडचे रोल फ्रिजमध्ये असतात. घरी नेल्यावर तासभर तसाच राहू द्या, मग डबी उघडा. मे महिन्यात गाडीत ठेवू नका. विमानतळावर रोल हाताने तपासायची विनंती करा, नव्या सीटी स्कॅनरने फिल्म खराब होते.

जुना कॅमेरा असेल तर रोल घेताना सोबत आणा. आम्ही इथेच भरून देतो आणि लिव्हर ओढल्यावर डावीकडचा रिवाइंडचा क्रँक फिरतोय की नाही, म्हणजे रोल पुढे सरकतोय की नाही, ते तुम्हाला दाखवतो. रोलबरोबर एक चिठ्ठीही देतो. तिच्यावर आयएसओ किती लावला, फोटो घरात काढले की बाहेर, फ्लॅश होता का, एवढं लिहा आणि धुवायला टाकताना ती रबर लावून रोललाच गुंडाळा.