गिझर गॅसचा की विजेचा? आधी बाथरूमची हवा बघा

थंडीची चाहूल लागली की कोल्हापुरातल्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. नळ सोडला की लगेच गरम पाणी देणारा गिझर घ्यायचाय, गॅसवरचा घेऊ की विजेवरचा? विचारणाऱ्याला काळजी असते ती बिलाची. ती रास्तच आहे, पण त्याआधी पाणी तापायला किती शक्ती लागते ते पाहू.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवर आहे आणि अंघोळीला ४० अंशांचं हवंय, असं धरू. विजेच्या इन्स्टंट गिझरची कॉइल साधारण ३ किलोवॅटची असते. तेवढ्यात मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी तापतं. म्हणजे २० लिटरची बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. मिनिटाला ६ लिटर सोडणारा शॉवर हवा असेल, तर ८.४ किलोवॅट लागतील. २३० व्होल्टला हा प्रवाह ३६ अँपिअरच्या वर जातो, आणि आपल्या घरातलं मोठं सॉकेट असतं १६ अँपिअरचं. ६ लिटरचा साधा गॅस गिझर मात्र १० किलोवॅटच्या आसपास उष्णता सहज देतो. गॅसचं पाणी 'कडक' लागतं, त्यामागचं कारण हेच.

आता खर्च. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्यात सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. काही उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि पाण्यापर्यंत साधारण १५० युनिट पोचतात. विजेच्या गिझरमध्ये मात्र जवळजवळ सगळी वीज पाण्यात उतरते. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १५० ने भागा आणि आलेला आकडा विजेच्या युनिटच्या दराशी ताडून पाहा. एक गोष्ट लक्षात ठेवा: महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यावर चढतो, आणि गिझरची वीज इतर वापराच्या वर जाऊन बसते. त्यामुळे सरासरी दर धरू नका, तुमचं बिल ज्या शेवटच्या टप्प्यात जातं त्याचा दर धरा. चौघांच्या चार बादल्यांना दिवसाला दोनेक युनिट लागतात. तेवढ्याच कामाला एक सिलिंडर अडीच महिन्यांहून थोडा जास्त पुरतो.

बहुतेक घरांत हिशोब इथंच थांबतो आणि गॅस गिझर बाथरूमच्या भिंतीवर चढतो. माझा खरा आक्षेप त्या भिंतीला आहे.

जुन्या पेठांतल्या घरांत तांब्याचा बंब परसात किंवा मोकळ्या न्हाणीत पेटायचा, धूर उघड्यावर जायचा. फ्लॅटमधलं बाथरूम ४ बाय ६ फुटांचं, उंची ८ फूट धरली तर आत हवा साडेपाच घनमीटरही नसते. गॅस गिझर दहा मिनिटं चालला की दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि त्याला सुमारे २ घनमीटर हवेतला ऑक्सिजन लागतो. दार बंद, गारठा नको म्हणून खिडकीच्या पट्ट्यांना पुठ्ठा लावलेला, अशा ठिकाणी एका अंघोळीत एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन संपू शकतो. तो कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा वास येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायचं भान राहत नाही. काहींना झटके येतात आणि घरचे त्याला फिट समजतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो, कारण त्याला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत आणि आकडा चांगलाच दिसतो. बाथरूममध्ये कुणी कोसळलं तर दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टरांना 'गॅस गिझर चालू होता' हे आवर्जून सांगा. शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघतो.

म्हणून माझं मत असं: गिझर आणि सिलिंडर उघड्या बाल्कनीत, गॅलरीत किंवा परसात बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेता येत असेल, तरच गॅसचा विचार करा. मोठ्या कुटुंबाला तो खरंच सोयीचा पडतो. ठिणगीला सेल असल्यामुळे वीज गेली तरी चालतो. टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावर मात्र दाब कमी पडून तो पेटतच नाही, तेव्हा आधी नळाची धार बघून घ्या. बाथरूमच्या आतच जागा असेल, तर विजेचाच घ्या. एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर गॅस आत आणू नका, तो चालू करायचा एक दिवस विसरला तरी पुरे.

बादलीने अंघोळ करणाऱ्यांना ३ किलोवॅट पुरतात, आणि घाई असेल त्यांना १५ लिटरचा टाकीवाला गिझर बरा. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, त्यामुळे जुन्या घरात लाइट-पंख्याच्या वायरवर तो जोडू नका. वायरमनला मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर ओढायला सांगा, अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलीअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बोर्डात बसवून घ्या.