पत्रा तापवायचा की थेट पाणीच? हायब्रिड नॅनोकणांची पार्श्वभूमी

हायब्रिड नॅनोकण, म्हणजे ऊन शोषायला पाण्यात घालायचे, दोन वेगळे पदार्थ जोडून केलेले अतिसूक्ष्म कण, म्हटलं की वाटतं हे सगळं कालपरवाचं, पण मुळातला प्रश्न फार जुना आहे, उन्हातली उष्णता पाण्यात उतरेपर्यंत मध्येच किती वाया जाते हा. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवून आत पाणी उकळण्याइतकं तापमान मिळवलं होतं. आणि आपल्या मुंबईत १८७० च्या दशकात विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज सरकारी नोकर आरसे अर्धवर्तुळात मांडून बॉयलर तापवत होता, त्या वाफेवर त्याने अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून दाखवलं! दीडशे वर्षांपूर्वी, तेही मुंबईत, हे शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही.

पुढे गच्चीवरचे सोलर हीटर आले, काळा पत्रा आणि त्याला चिकटलेल्या नळ्या. यात पत्रा तापला की तोच उष्णता परत बाहेर फेकतो. १९५५ मध्ये इस्रायलच्या हॅरी टेबोरने असा लेप काढला जो ऊन शोषतो पण उष्णता फारशी बाहेर सोडत नाही, हे मोठंच काम झालं. तरी पत्रा पाण्यापेक्षा गरम राहणारच, कारण उष्णता आधी पत्र्यात, मग नळीत, मग पाण्यात.

मग पाणीच काळं केलं तर? १९७५ मध्ये मिनार्डी आणि चुआंग या दोन संशोधकांनी हेच करून बघितलं, चक्क काळी शाई घातलेलं पाणी. कल्पना एकदम बरोबर होती, पण साधी पूड पाण्यात घातली की ती खाली बसते, नळ्या तुंबतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अरगॉन लॅबमधल्या चोई यांनी 'नॅनोफ्लुइड' हा शब्द आणला, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव, कण इतके बारीक की ते तरंगत राहू शकतात, आणि २०१० मध्ये ओटानिकार, फेलन वगैरेंनी कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), ग्रॅफाइट, चांदी यांचे कण वापरून ऊन पकडणाऱ्या कलेक्टरची कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत वाढलेली दाखवली.

आता हायब्रिड का, तर खरी मेख इथे आहे. सोन्याच्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि तो प्रकाश जोरात शोषतात, पण तो साधारण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचाच, हिरवा, आणि उन्हाची जवळपास अर्धी ऊर्जा तर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते, ती तशीच निघून जाते. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीत नाओमी हॅलस यांच्या ग्रुपने १९९८ मध्ये सिलिकाच्या (वाळूतला मुख्य पदार्थ) अतिसूक्ष्म गोळीवर सोन्याचं पातळ कवच चढवलं, कवचाची जाडी बदलली की कण कुठला प्रकाश खातो तेही बदलतं. त्याच ग्रुपने २०१२ च्या शेवटी अशा कणांनी उन्हात वाफ काढली, शोषलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्के वाफेत गेली, आजूबाजूचं पाणी तापवण्यात फक्त २०. तिथून मग सोन्याला ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) किंवा साध्या कार्बनची जोड द्यायची, एकाने न शोषलेला प्रकाश दुसऱ्याने पकडायचा, यावर जोरात काम सुरू झालं.

अडचण अजून शाईवाल्या काळातलीच आहे. गरम-थंड होत राहिलं की कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी जातात.