मोटार वाहन कर (महाराष्ट्र)

मोटार वाहन कर : रस्त्यावर वापरण्याजोग्या मोटार वाहनांवर राज्य शासन आकारीत असलेला कर. बोलण्यात तो ‘रोड टॅक्स’ म्हणून ओळखला जातो आणि टोलनाक्यावर घेतल्या जाणाऱ्या पथकराशी त्याची वारंवार गल्लत होते. पथकर विशिष्ट रस्त्याच्या किंवा पुलाच्या वापरापोटी दर फेरीला घेतला जातो, तर मोटार वाहन कर वाहन बाळगण्याशी निगडित असतो. मात्र महाराष्ट्रातील पथकराच्या अनेक अधिसूचना मोटार वाहन कर अधिनियमाच्याच कलम २० खाली निघालेल्या असल्याने ही गल्लत अगदीच निराधार म्हणता येत नाही.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीने वाहनांवरील कर हा राज्यांचा विषय ठरवला आहे. तो कर कोणत्या तत्त्वांवर बसवावा हे समवर्ती सूचीच्या (केंद्र व राज्ये या दोघांच्या अखत्यारीतील विषयांच्या) ३५ व्या नोंदीत येते. परिणामी नोंदणी, परवाने व वाहनाची योग्यता यांबाबतचा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा देशभर एकच असला, तरी कराचे दर, मुदती व सवलती राज्यागणिक वेगळ्या आहेत.

या कराचा उगम कोठे शोधावा याबाबत एकवाक्यता नाही. एक धागा नगरपालिकांच्या करांकडे जातो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये वाहने व जनावरे यांवरील कराची तरतूद होती आणि बग्ग्या, टांगे यांवर बसणारा हा ‘व्हील टॅक्स’ मोटारी आल्यावर त्यांनाही लागू झाला. १९१४ चा भारतीय मोटार वाहन अधिनियम नोंदणी व परवान्यांपुरता होता. त्यातून आजच्या अर्थाने कर निघत नव्हता. दुसरा धागा मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीकडे जातो. रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांना पेलवेनासा झाला आहे, तेव्हा मोटार वाहतुकीतूनच रस्त्यांसाठी पैसा उभा करावा, असा या समितीच्या १९२८ च्या अहवालाचा रोख होता. त्यानुसार १९२९ पासून पेट्रोलवर जादा आकार बसून केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. तिसरे कारणही पुढे केले जाते, ते १९३० नंतरच्या मंदीत रेल्वेला मोटारींशी कराव्या लागलेल्या स्पर्धेचे. तथापि मुंबई प्रांताचा मोटार वाहन कर अधिनियम १९३५ साली झाला तेव्हा स्थानिक संस्थांचे विखुरलेले आकार बाजूला सारून एकच प्रांतिक कर आणणे आणि त्या संस्थांना नुकसानभरपाई देणे हा भाग त्यात ठळक होता. हे पाहता पहिल्या धाग्याला अधिक वजन द्यावे लागते. जयकर समितीने त्या बदलाला वैचारिक बैठक पुरवली इतकेच सावधपणे म्हणता येईल.

१९५६ साली विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ हे प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर तेथील निरनिराळे करकायदे एकत्र करण्याची गरज पडली आणि मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ (१९५८ चा ६५) संमत झाला. महाराष्ट्र राज्याने तो पुढे चालू ठेवला. त्याच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले असले, तरी जुने निकाल व अधिसूचना पाहताना पूर्वीचेच नाव आढळते.

या अधिनियमाचा गाभा कलम ३ मध्ये आहे. राज्यात ‘वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या’ सर्व मोटार वाहनांवर कर बसेल, असे ते कलम म्हणते. वाहन वापरात नव्हते असे कर प्राधिकाऱ्याने विहित रीतीने प्रमाणित केलेला काळ वगळता नोंदणीकृत मालक ते वाहन वापरत आहे किंवा वापरासाठी ठेवत आहे असे गृहीत धरले जाईल, असेही त्यात पुढे म्हटले आहे. या गृहीतकाचा व्यवहारातील अर्थ फार कडक आहे. ट्रक वर्षभर गॅरेजात चाकांविना उभा असला तरी ‘नॉन-यूज’ची, म्हणजे वाहन वापरात नसल्याची, सूचना आगाऊ दिलेली नसेल, तर कराची आकारणी चालूच राहते. कर्नाटकाच्या कायद्यासंबंधी के. गोपाळकृष्ण शेणॉय प्रकरणात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले : नोंदणी चालू आहे तोवर वाहन रस्त्यावर धावण्याच्या स्थितीत आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो.

दुसरी बाजू सार्वजनिक रस्त्यावर कधीच न येणाऱ्या वाहनांची आहे. बोलानी ओअर्स प्रकरणात (१९७४) खाणीच्या आवारातच काम करणारी डंपर व रॉकर ही खाणकामाची वाहने नोंदणीस पात्र असले तरी तेवढ्या काळापुरते करास पात्र नाहीत, असे ठरले. यामागे हा कर रस्त्याच्या सोयीची भरपाई आहे ही कल्पना होती आणि तिचा पाया ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट (राजस्थान) प्रकरणातील १९६२ च्या निकालात घातला गेला होता. २०१६ साली जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ‘भरपाईस्वरूप करा’चा सिद्धांत निराधार ठरवला, परंतु तो वाद राज्याराज्यांतील व्यापाराच्या स्वातंत्र्याचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणम पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातील वाहनांबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कर भरपाईच्या स्वरूपाचा आहे, असे पुन्हा म्हटले. या निकालाचा आधार महाराष्ट्रात घेताना सावधगिरी हवी, कारण आंध्र प्रदेशाच्या कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाण’ हे शब्द आहेत, तर महाराष्ट्राच्या कलम ३ मध्ये ‘राज्यात’ एवढेच आहे. एकंदरीत महाराष्ट्रातील मालकाने न्यायालयीन तत्त्वापेक्षा ‘नॉन-यूज’च्या वेळेवर दिलेल्या सूचनेवर भिस्त ठेवणे अधिक सुरक्षित दिसते.

खाजगी दुचाकी व मोटारींवर पूर्वी ठरावीक मुदतीने भरावा लागणारा कर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने एकरकमी झाला. हा कर नोंदणीच्या वेळी वाहनाच्या किमतीच्या टक्केवारीने घेतला जातो. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारींना १० लाख रुपयांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ व त्यापुढे १३ टक्के, तर डिझेल मोटारींना अनुक्रमे १३, १४ व १५ टक्के असे दर आहेत. कंपनीच्या नावावरील व आयात केलेल्या मोटारींना दर चढा आहे. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्याचा, सीएनजी व एलपीजी वाहनांचा दर एका टक्क्याने वाढवण्याचा आणि ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या हलक्या मालवाहनांना ७ टक्के एकरकमी कर लावण्याचा प्रस्ताव होता. ३० लाखांवरील विद्युत मोटारींवर सुचवलेला ६ टक्के कर मात्र मागे घेत असल्याचे लगेच जाहीर झाले. इतर वाहतूक वाहनांचा कर भारक्षमता, आसनसंख्या इत्यादींवर ठरतो आणि तो मुदतीनुसार आगाऊ भरावा लागतो. उशीर झाल्यास दरमहा २ टक्के व्याज चढते.

कर भरलेला आहे की नाही हे पूर्वी कर प्रमाणपत्रावरून व आरसी पुस्तकातील शिक्क्यांवरून कळत असे. आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ‘वाहन’ ही संगणकीय नोंदवही प्रमाण मानली जाते. ‘परिवहन’ संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने प्रवेश करून किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर वाहन क्रमांक टाकल्यास कराची मुदत, योग्यता प्रमाणपत्र, विमा व पीयूसी यांच्या तारखा दिसतात. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते. कर भरण्याच्या पानावर चासी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक मागितले जातात. एकरकमी कर भरलेल्या गाडीसमोर तारखेऐवजी ‘एलटीटी’ (लाइफ टाइम टॅक्स) अशी अक्षरे दिसू शकतात आणि त्यावरून मुदत संपली असा अर्थ काढू नये. ई-चलानाची थकबाकी वेगळ्या पानावर असल्याने कराच्या रकान्यात काही बाकी नसली तरी दंडाची बाकी असू शकते. संगणकीकरणापूर्वीच्या गाड्यांच्या नोंदी ‘बॅकलॉग’ म्हणून मागाहून भरल्या गेल्या असल्यामुळे त्यांत त्रुटी आढळतात. अशा वेळी जुनी पावती हाच पुरावा ठरतो. ही पडताळणी जुनी गाडी घेताना विशेष महत्त्वाची आहे, कारण कराची थकबाकी मालकी बदलल्याने बुडत नाही, नव्या मालकाकडूनही ती वसूल करता येते. रस्त्यावरील तपासणी परिवहन विभागाची वायुवेग पथके करतात.

एकरकमी कर भरला म्हणजे गाडीच्या आयुष्याची चिंता मिटली, हा समज अर्धाच खरा आहे. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. तिचे नूतनीकरण करताना २०१० पासून लागू झालेला पर्यावरण कर द्यावा लागतो. त्याचे मूळ दर पाच वर्षांसाठी दुचाकीस २,०००, पेट्रोल मोटारीस ३,००० व डिझेल मोटारीस ३,५०० रुपये असे होते. वाहतूक वाहनांना तो आठ वर्षांनंतरच लागतो.

वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, तेथील कर भरावा लागतो आणि मग मूळ राज्याकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो. बंगळूरला नोकरीनिमित्त गेलेल्या ‘एमएच’ पासिंगच्या गाड्यांना याचा जाच विशेष जाणवला; कर्नाटकाने ही मुदत ३० दिवसांवर आणणारी २०१४ ची दुरुस्ती तेथील उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केली. सप्टेंबर २०२१ पासून बदलीच्या नोकरदारांसाठी ‘बीएच’ (भारत) ही नोंदणी क्रमांकांची मालिका सुरू झाली असून तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा घेतला जातो. किंमत १० लाखांखाली असल्यास ८, २० लाखांपर्यंत १० व त्यापुढे १२ टक्के हा त्याचा पाया आहे; डिझेलला दोन टक्के अधिक, तर विद्युत वाहनांना दोन टक्के कमी आकारणी होते. गोव्यात १९७४ चा स्वतंत्र मोटार वाहन कर अधिनियम आहे. तेथील ‘जीए’ क्रमांकाची गाडी सिंधुदुर्गात कायम वापरणाऱ्यालाही १२ महिन्यांचा नियम चुकत नाही.