हॅलिबट कोणाच्या वाट्याचा? ब्रिटिश कोलंबियातील 88-12 च्या भांडणाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2011 मध्ये कॅनडाच्या तत्कालीन मत्स्यव्यवसाय मंत्री गेल शे यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या हॅलिबटची वाटणी आहे तशीच ठेवली. 88 टक्के व्यावसायिक बोटींना, 12 टक्के हौशी गरवणाऱ्यांना. वर एक नवी सोय दिली: ज्याला जास्त मासा हवा असेल त्याने तो व्यावसायिक परवानाधारकाकडून त्या हंगामापुरता भाड्याने घ्यावा. व्हँकुव्हर बेटावर सभांना गर्दी झाली, खासदारांकडे पत्रांचे गठ्ठे गेले. समुद्रातला मासा भाड्याने घ्यायचा ही कल्पनाच गळ टाकणाऱ्यांच्या डोक्यात तिडीक आणणारी होती. त्याच वर्षी त्यांचा हंगाम 5 सप्टेंबरला बंद झाला. शरद ऋतूत हॅलिबट गरवायला जाण्याची ज्यांची जुनी रीत होती, त्यांचे ते वर्ष बुडाले.

भांडण टक्क्यांचे दिसते, पण त्याची मुळे टक्के ठरण्याच्या बरीच आधीची आहेत.

हॅलिबट हा चपटा मासा, आपल्याकडच्या भाकसासारख्याच घडणीचा. पिल्लू असताना तो इतर माशांसारखा उभा पोहतो. मग डावा डोळा सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा आडवा होऊन तळाशी राहू लागतो. फरक आकाराचा. पॅसिफिक हॅलिबटची मादी दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकते आणि पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. मांस पांढरे, काटा कमी, बर्फात टिकाऊ. या टिकाऊपणामुळेच तो व्यापारात आला. अटलांटिकमधला हॅलिबट मारून मारून कमी झाला होता आणि 1888 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅकोमा बंदरात उतरवलेला पॅसिफिकचा हॅलिबट रेल्वेने थेट बॉस्टनला गेला. पुढच्या तीसेक वर्षांत किनाऱ्याजवळचे एकेक मैदान रिकामे होत गेले आणि बोटी उत्तरेकडे सरकत राहिल्या.

म्हणून 2 मार्च 1923 रोजी कॅनडा आणि अमेरिका यांच्यात हॅलिबट करार झाला. कॅनडाच्या इतिहासात हा करार वेगळ्याच कारणाने शिकवला जातो. त्यावर कॅनडाच्या वतीने मत्स्यमंत्री एर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्याने सही केली, शेजारी ब्रिटिश राजदूताची सही नव्हती. ब्रिटनला बाजूला ठेवून कॅनडाने केलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार. एका देशाच्या परराष्ट्र धोरणाची सुरुवात माशापासून झाली, असे म्हणायला हरकत नाही. करारातून हिवाळ्यात तीन महिने बंदी आली आणि एक संयुक्त आयोग आला. तोच आज आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग म्हणून ओळखला जातो. 1930 च्या करारानंतर आयोगाला भागवार मासेमारीची मर्यादा ठरवण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश कोलंबियाचा किनारा म्हणजे आयोगाच्या नकाशावरचा विभाग ‘2बी’.

या सगळ्यात हौशी माणूस कुठे होता? कुठेच नव्हता. आयोगाने हौशी मासेमारीसाठी पहिले नियम केले ते 1973 मध्ये. तोवर हा प्रकार इतका किरकोळ मानला जाई की त्याची नोंद ठेवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. पुढे ज्या वाटण्या झाल्या त्या जुन्या नोंदींच्या आधारे झाल्या, आणि हौशी लोकांच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गरवतोय’ हे त्यांचे म्हणणे खरे असले तरी ते सिद्ध करणारा कागद त्यांच्याकडे नाही.

किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या मासेमारीवर त्या त्या देशाचा हक्क, ही आर्थिक क्षेत्राची कल्पना आली आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या पाण्यात हॅलिबट मारणे थांबवायचे ठरवले. हॅलिबट कराराच्या 1979 च्या दुरुस्तीने कॅनडाच्या बोटींना अलास्काचे पाणी बंद होत गेले. त्या घरच्या पाण्यात परतल्या. गर्दी आवरण्यासाठी कॅनडाने त्याच वर्षी परवाने मर्यादित केले, सुमारे 435. परवाने मोजके झाले तरी प्रत्येक बोटीला मासा किती मिळणार हे ठरलेले नव्हते, त्यामुळे शर्यत लागली. ज्याची बोट वेगवान आणि गळ जास्त, त्याचा मासा जास्त. 1980 मध्ये साधारण दोन महिने चालणारा हंगाम 1990 मध्ये सहा दिवसांवर आला. त्या सहा दिवसांत वादळ आले तरी बोट हाकायचीच. सगळा माल एकदम बंदरात यायचा, भाव पडायचा आणि बाकीचे वर्ष गिऱ्हाइकाने गोठवलेला हॅलिबट खायचा.

1991 मध्ये यावर उपाय आला: प्रत्येक बोटीचा स्वतंत्र कोटा. मागच्या काही वर्षांतली पकड आणि बोटीची लांबी पाहून प्रत्येक परवान्याला एकूण माशातला ठरावीक हिस्सा दिला गेला. शर्यत थांबली, हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला, ताज्या माशाला चांगला भाव मिळू लागला, समुद्रात जीव धोक्यात घालण्याचे कारण उरले नाही. मासेमारी व्यवस्थापनाच्या अभ्यासात या योजनेचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. पण हे हिस्से फुकट दिले होते. दोनच वर्षांत त्यांची देवघेव सुरू झाली. ज्याला समुद्रावर जायचे नाही त्याने आपला कोटा दुसऱ्याला भाड्याने द्यावा, आणि विक्रीच्या किमतीतला मोठा भाग घरबसल्या घ्यावा. अशा मालकाला त्या किनाऱ्यावर ‘स्लिपर स्किपर’ म्हणतात, म्हणजे घरात सपाता घालून बसलेला तांडेल. हा टोमणा फक्त हौशी लोकांचा नाही. भाड्याच्या कोट्यावर राबणारे खलाशीही तो मारतात, कारण भाड्याची रक्कम त्यांच्याच वाट्यातून जाते.

माझ्या मते 2011 च्या रागाचे खरे मूळ 1991 मध्ये आहे. कायद्याने कोटा ही मालमत्ता नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका खटल्यात देशातले मत्स्यधन सर्व जनतेचे आहे आणि परवाना देणे न देणे हा मंत्र्याचा अधिकार आहे, हे पुन्हा सांगितले. व्यवहारात मात्र कोट्याला बाजारभाव आला, बँका त्यावर कर्ज देऊ लागल्या, तरुण मच्छीमारांनी तो कर्ज काढून विकत घेतला. ज्याने पैसे मोजले त्याला आता ‘तुझा हिस्सा कापतो’ म्हणणे अवघड. त्यामुळे हौशी गरवणाऱ्याच्या समोर जो उभा आहे तो नेहमीच फुकट कोटा मिळालेला जुना मालक नसतो. कधी तो हप्ते भरणारा तिशीतला माणूस असतो. या गोष्टीकडे हौशी बाजूच्या भाषणांत सोयीने दुर्लक्ष होते.

हौशी मासेमारीही नव्वदच्या दशकात बदलली. सामनचे दिवस वाईट आले. कोहो या सामनच्या जातीच्या मासेमारीवर 1998 पासून कडक बंधने आली आणि पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या बोटींनी, उत्तरेकडच्या हैदा ग्वाई बेटांपासून व्हँकुव्हर बेटापर्यंतच्या फिशिंग लॉजनी, म्हणजे गरवायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामांनी, हॅलिबटकडे मोर्चा वळवला. खोल पाण्यासाठी विजेवर चालणारी रिळे, जीपीएस आणि पाण्याखालचा मासा दाखवणारी सोनार यंत्रे स्वस्त झाली. हौशी पकड वाढू लागली तशी व्यावसायिकांना काळजी लागली: आपला हिस्सा ठरलेला, यांचा मोकळा, हे वाढतील तेवढे आपण कमी होणार. 2003 मध्ये मंत्री रॉबर्ट थिबो यांनी हौशी पकडीवर 12 टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे हौशी क्षेत्राला जास्त हवे असेल तर बाजारातून कोटा घेण्याची व्यवस्था उभी करायची, असे ठरले. निर्णयाच्या वेळी हौशी पकड 12 टक्क्यांच्या खाली होती, म्हणून आरडाओरडा फारसा झाला नाही.

ती बाजाराची व्यवस्था कधी नीट उभी राहिलीच नाही. साधा प्रश्न होता: कोटा विकत घेणार कोण? व्यावसायिक बाजूला चारशेहून थोडे अधिक परवानाधारक, हौशी बाजूला लाखाच्या घरातले परवाने. त्यांची ना संस्था, ना तिजोरी, ना वर्गणी गोळा करण्याचा कायदेशीर अधिकार. 2006 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने खेकड्यांच्या एका खटल्यात निकाल दिला की मत्स्यधन सरकारचे नाही, तेव्हा सरकारने त्यातला हिस्सा विकून स्वतःच्या कामांचा खर्च भागवू नये. मासा विकून व्यवस्था चालवण्याचा एक मार्ग त्यामुळे अरुंद झाला.

आणि नेमके तेव्हाच मासे कमी झाले. म्हणजे आयोगाचा अंदाज खाली आला. 2004 मध्ये विभाग ‘2बी’ची मर्यादा 1 कोटी 38 लाख पौंड होती. 2008 मध्ये ती 90 लाख झाली, 2010 मध्ये 75 लाख. कारणे दोन. एक तर हॅलिबटची वाढ मंदावली होती. त्याच वयाचा मासा ऐंशीच्या दशकातल्यापेक्षा बराच लहान भरत होता. दुसरे, 2007 च्या सुमारास आयोगाने विभागवार हिशेब सोडून संपूर्ण किनाऱ्याचा एकत्र हिशेब सुरू केला. हॅलिबट मोठा प्रवासी, अलास्कातला मासा दक्षिणेला येतो. आधीच्या पद्धतीत ‘2बी’ला फुगवलेला आकडा मिळत होता, तो उतरला.

इथे थोडे गणित करण्यासारखे आहे, कारण वादात ते क्वचितच नीट मांडले जाते. 1 कोटी 38 लाखांचे 12 टक्के म्हणजे साडेसोळा लाख पौंड. 2011 च्या साडेशहात्तर लाखांचे 12 टक्के म्हणजे सव्वानऊ लाखांहून कमी. टक्का तोच, मासा जवळजवळ निम्मा. व्यावसायिक बोटीला याचा फटका बसतो, पण मासा कमी झाला की भाव चढतो आणि थोडे भरून निघते. हौशी माणसाचा मासा विकलाच जात नाही. त्याच्या बाजूला घट फक्त दोन रूपांत येते: दिवसाला कमी मासे, किंवा कमी दिवस. दोन्ही आली. दिवसाला दोनचा एक झाला. 2008 मध्ये हंगाम ऑक्टोबरअखेर बंद झाला, 2010 मध्ये 18 ऑक्टोबरला, 2011 मध्ये 5 सप्टेंबरला. ज्याने लॉजचे आगाऊ आरक्षण घेतले, ज्याचा धंदा तेल, बर्फ, आमिष, मोटेल यांवर चालतो, त्याला हंगाम कधी संपेल हेच सांगता येईना.

व्यावसायिकांचा प्रत्युत्तराचा मुद्दाही कच्चा नव्हता. त्यांच्या बोटींवर 2006 पासून कॅमेरे आहेत, बंदरात एकेक मासा तोलला जातो, कोट्यापेक्षा जास्त आले तर दुसऱ्याकडून कोटा आणून हिशेब चुकता करावा लागतो. हौशी पकडीचा मात्र अंदाज बांधला जातो: धक्क्यावरची पाहणी, विमानातून मोजलेल्या बोटी, लॉजच्या वह्या. ‘आमचा पौंड मोजलेला आणि तुमचा अंदाजे’ या तक्रारीला हौशी बाजूकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

2011 च्या मे महिन्यात देशाची निवडणूक झाली आणि हॅलिबट हा व्हँकुव्हर बेटावरच्या प्रचारातला विषय होऊन बसला. निवडणुकीनंतर कीथ अ‍ॅशफील्ड मंत्री झाले, संसदीय सचिव रँडी कॅम्प यांनी दोन्ही बाजूंशी चर्चा केली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये वाटणी 85-15 झाली. भाड्याने कोटा घेण्याची प्रायोगिक योजनाही चालू राहिली. तीन टक्के गमावलेल्या व्यावसायिकांनी भरपाई न देता हिस्सा काढल्याबद्दल न्यायालयात धाव घेतली. आधीच्या मंत्र्याने बाजारातूनच हस्तांतर होईल असे वचन दिले होते, हा त्यांचा युक्तिवाद. 2013 मध्ये फेडरल न्यायालयात आणि 2014 मध्ये अपिलात तो फेटाळला गेला: एका मंत्र्याचे धोरण पुढच्या मंत्र्याचे हात बांधत नाही. हौशी गटांना हा निकाल गोड लागला. पण ज्या अधिकाराने तीन टक्के दिले त्याच अधिकाराने ते उद्या काढताही येतात, हे त्याच निकालात आहे.

शिवाय ते 15 टक्के होते कशाचे? 2012 ची मर्यादा सुमारे 70 लाख 38 हजार पौंड. त्याचे 15 टक्के साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे 2004 च्या 12 टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी. हंगाम लांबवायचा तर मासा लहान घ्यायला लावणे हाच मार्ग उरला. त्यानंतर लांबीची कमाल मर्यादा आली. ती एका वर्षी 126 सेंटीमीटर, पुढे 133, 2018 मध्ये 115. जवळ ठेवलेल्या दोन माशांपैकी एक आणखी छोटा हवा, आणि वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त नको. मोठी मादी पाण्यात परत जाते ही त्यातली चांगली बाजू. गरवणाऱ्यांत यावरही एकमत नाही. लॉजवाल्यांना पाहुण्याच्या फोटोसाठी मोठा मासा हवा असतो. स्वतःच्या छोट्या बोटीने जाणाऱ्याला एप्रिल ते ऑक्टोबर कधीही दोन जेवणांचा मासा मिळाला तरी चालतो. भाड्याच्या कोट्याचा उपयोगही मुख्यतः पहिल्यालाच होतो, कारण भाडे तो पाहुण्याच्या बिलात घालू शकतो.

या टक्क्यांच्या बाहेर, त्यांच्या आधी, आणखी एक वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या स्पॅरो खटल्यातल्या निकालाने आदिवासी राष्ट्रांच्या अन्न आणि समारंभासाठीच्या मासेमारीला संवर्धनानंतर लगेचचा अग्रक्रम दिला. 2009 मध्ये व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ राष्ट्रांपैकी पाच राष्ट्रांचा मासे पकडून विकण्याचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. हौशी आणि व्यावसायिक यांच्या भाषणांत ‘सर्व जनतेचा मासा’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो, पण ज्यांचा दावा 1923 च्या आधीचा आहे त्यांचा उल्लेख त्यात सहसा नसतो.

अलास्कात हेच भांडण वेगळ्या वळणाने गेले. तिथे 2014 पासून पर्यटक बोटींचा वाटा एकूण माशाच्या प्रमाणात ठरतो, आणि त्या क्षेत्राच्या वतीने कोटा विकत घेणारी एकच संस्था उभी करण्याचा आराखडा झाला. 2003 च्या निर्णयात कॅनडाने जी जागा रिकामी सोडली होती, ती हीच.

2025 साठी आयोगाने दोन्ही देशांची मिळून मर्यादा 2 कोटी 97 लाख पौंडांवर आणली, आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 16 टक्के कमी. ‘2बी’तली वाटणी अजून 85-15 च आहे.